कारागृहातील महिलांचे काम आणि त्यांची प्रतिष्ठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती पाहायला येणारी मंडळी हमखास विचारतात की, आतल्या बायकाही काही काम करतात का आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात का. विधी साहाय्याच्या निमित्ताने बंदी महिलांच्या नातेवाइकांशी, विद्यार्थ्यांशी आणि कधी कधी लघुउद्योजकांशी आमचे बोलणे होते, तेव्हा हेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुढे येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही ठिकाणी आमचे मत स्पष्ट मांडले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

शिक्षा झालेल्या प्रत्येक महिलेला काम करावेच लागते का?

शिक्षा कोणत्या प्रकारची आहे, यावर ते ठरते. सश्रम कारावास असेल तर काम हा शिक्षेचाच भाग असतो. साधा कारावास असेल तर सक्ती नसते आणि बाईने स्वतः इच्छा दाखवली तर तिला काम दिले जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी सश्रम आणि साधा हा भेद तिच्या कलम ४ मध्ये तसाच राहिला आहे.

सश्रम म्हणजे वाटेल ते आणि वाटेल तितके काम, असा मात्र अर्थ नाही. ज्या १८९४ च्या कारागृह अधिनियमावर आपली तुरुंगव्यवस्था उभी राहिली, त्याने आणीबाणीचा प्रसंग वगळता दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली. काम करणाऱ्या बंद्याचे वजन दर पंधरवड्याला नोंदवावे आणि एखाद्या कामाने प्रकृती बिघडत आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटले तर ते काम बदलून द्यावे, हेही त्यात आहे. इंग्रजांच्या या कायद्याने श्रमणाऱ्या बंद्याचे वजन करण्याची काळजी घेतली, पण त्या श्रमाची मजुरी हा बंद्याचा हक्क आहे, असे त्यात कोठेही म्हटले नाही. त्यासाठी पुढची शंभर वर्षे जावी लागली.

जिचा खटला अजून चालू आहे, तिच्याकडून काम करून घेता येते का?

सक्तीने घेता येत नाही. न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत ‘कच्ची कैदी’, ही कायद्याच्या दृष्टीने अजून निर्दोष असते. तिची इच्छा असेल तर तिला काम मिळावे आणि केलेल्या कामाचा मोबदला मिळावा, हे बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील ११६ व्या नियमात सांगितले आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांमागे तीन, न्यायाधीन होते. एकूण बंद्यांत महिला २३,७७२ होत्या. आतल्या बहुसंख्य माणसांना काम करण्याची सक्ती नाही ही गोष्ट कायद्याला धरून आहे; परंतु त्यामुळे प्रशासनाला त्यांच्यासाठी कामाची सोय करण्याची निकडही वाटत नाही, आणि मग तारीख पे तारीख चालू असताना बाई महिनोन्‌महिने बराकीत नुसती बसून राहते. घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबण्याची सवय असलेल्या बाईला ही रिकामी बैठक किती जड जाते, हे तिला भेटायला कारागृहात आलेल्या तिच्या आईला विचारावे.

अशा महिलेच्या नातेवाइकांना आमचे सांगणे असते की, कामाची चौकशी अवश्य करा, पण आधी जामिनाची करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे आणि काही अपवाद सोडले, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आणि पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला सुटकेचा मार्ग खुला होतो. कलम ४८० मध्ये अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्री असणे हे जामिनाच्या विचारात धरण्याजोगे कारण मानले आहे. जामीन मंजूर होऊनही केवळ पैशांअभावी कोणी अडकले असेल, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून न्यायाधीन बंद्याला आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्या शिक्षाधीन बंद्याला मदत मिळू शकते; २०२३ मध्ये तिची मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती. तिचा निर्णय जिल्हा पातळीवरील समिती घेते.

सक्तीचे काम म्हणजे वेठबिगारीच नव्हे का?

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आहे, त्यामुळे हा प्रश्न न्यायालयापुढे जाणे अटळ होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरात राज्याशी संबंधित प्रकरणात निर्णय दिला की, सश्रम कारावास झालेल्या बंद्याकडून काम घेणे घटनेत बसते, परंतु त्या कामाची न्याय्य मजुरी दिलीच पाहिजे. मजुरीचे दर ठरवण्यासाठी राज्यांनी समित्या नेमाव्यात आणि मजुरीचा काही भाग गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची तरतूद करावी, असेही न्यायालयाने सुचवले. बंद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च मजुरी ठरवताना वजा धरता येतो, हा त्या निर्णयातील भाग मात्र टीकाकारांच्या डोळ्यांवर येतो, कारण बाहेरच्या किमान वेतनाच्या तुलनेत आतली मजुरी फारच तुटपुंजी राहते ती याच वाटेने.

मजुरीचा हिशेब कसा ठेवला जातो आणि पैसे कोठे जातात?

महाराष्ट्रात काम कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांत मोडते आणि त्यानुसार रोजचा दर ठरतो. मजुरी बाईच्या हातात रोख पडत नाही, तिच्या नावावर जमा होते. त्यातून तिला कारागृहाच्या कॅन्टीनमधून साबण, तेल, फरसाण यांसारख्या वस्तू घेता येतात आणि घरी पैसे पाठवता येतात. आतून आलेली चारपाचशे रुपयांची मनीऑर्डर शिकणाऱ्या मुलाच्या वह्यांना लागली, ही बातमी उलट टपाली पत्रातून आत पोहोचते, तेव्हा ‘पोराला मी पोसते’ हे त्या बाईला अनेक महिन्यांनी पुन्हा म्हणता येते. या एका वाक्यासाठी तरी मजुरीचा दर हा मुद्दा हिशेबनिसाचा न राहता धोरणाचा व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. बंद्याच्या आतील मजुरीच्या भरवशावर कुटुंबाच्या निकडीसाठी ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज आणि त्यावर ७ टक्के व्याज, असे तिचे स्वरूप आहे. बंद्याची मजुरी बँकेने परतफेडीचे साधन म्हणून मान्य केली, याचे मोल कर्जाच्या रकमेहून अधिक आहे.

हिशेबाबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी. वाचता न येणाऱ्या बाईने हजेरीपत्रकावर अंगठा उठवण्यापूर्वी कामाचे दिवस मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. शिक्षा भोगून आलेल्या एका बाईने आम्हाला तिची युक्ती सांगितली होती. ती कामाच्या प्रत्येक दिवसाची एक टिकली डब्याच्या झाकणाला आतून चिकटवत असे आणि महिना भरला की बराकीतल्या शिकलेल्या मुलीकडून त्या टिकल्या मोजून घेई. एकदा नोंदीत दिवस कमी भरले, तेव्हा तिने ते झाकणच टेबलावर ठेवले आणि नोंद दुरुस्त झाली.

महिलांना शिवणकाम, भरतकाम आणि मसाले यांपलीकडे काम का दिले जात नाही?

देशात केवळ महिलांसाठी असलेली कारागृहे मोजकीच आहेत. आपल्या राज्यात येरवडा आणि भायखळा ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. बहुतेक महिला ठेवल्या जातात त्या पुरुषांच्या मोठ्या कारागृहातील एका वेगळ्या भिंतीआडच्या विभागात, आणि नाशिक रोडलाही तसेच आहे. १८९४ च्या अधिनियमाने महिला व पुरुष बंद्यांची एकमेकांना दृष्टादृष्टही होऊ नये अशी व्यवस्था सांगितली. सुरक्षेसाठी ती आवश्यकच आहे. परंतु सतरंज्यांचे माग, सुतारशाळा, मूर्तिकाम असे मोठ्या यंत्रांचे आणि मोठ्या जागेचे उद्योग पुरुषांच्या बाजूला उभे राहिले, आणि भिंतीपलीकडच्या मूठभर महिलांसाठी वेगळा कारखाना काढणे परवडत नाही, या हिशेबाने त्यांच्या वाट्याला चार शिलाई यंत्रे आली. बाईला हेच शोभते, ही समजूत त्याच्या मदतीला होतीच.

शिवणकामाला आमचा विरोध नाही. चांगला ब्लाउज शिवणारी बाई नाशिकच्या कोणत्याही वस्तीत उपाशी राहत नाही. अडचण अशी की, आत येणाऱ्या अनेक बायकांच्या हातात आधीच एक कसब असते आणि ते कोणी विचारत नाही. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला येणारी बाई द्राक्षांची विरळणी करते, घड द्रावणात बुडवण्याचे डिपिंग करते आणि कोणता मणी काढायचा व कोणता ठेवायचा हे कात्रीच्या टोकाने क्षणात ठरवते. तिला आत शिवणयंत्रावर बसवले, तर सुटल्यावर ती पुन्हा द्राक्षबागेतच जाणार, कारण यंत्र घ्यायला पैसे नसतात आणि पाड्यावर फॅशनचे ब्लाउज शिवून घेणारी गिऱ्हाइके नसतात. त्याऐवजी माल निवडणे, प्रतवारी, पॅकहाउसमधील स्वच्छतेचे नियम, वजनाच्या नोंदी, इतके जरी शिकवले, तरी ती मजुरीच्या पुढच्या पायरीवर जाऊ शकेल. येवला तालुक्यातील विणकर घरांत पैठणीसाठी कांड्या भरण्याचे काम बायका करतात, आणि मालेगावच्या यंत्रमागाशी निगडित कामाची सवय असलेल्या महिलाही या जिल्ह्यात आहेत. प्रवेशाच्या वेळी ‘तुला काय येते?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवले, तर कामाची निम्मी आखणी तेथेच होते.

महिला बंद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर २०१० रोजी स्वीकारलेल्या ७० बँकॉक नियमांपैकी ४२ वा नियम हेच सांगतो की, महिलांसाठीचे उपक्रम त्यांच्या गरजा ओळखून आखावेत आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या व लेकुरवाळ्या महिलांना त्यांत भाग घेता येईल इतकी लवचीकता ठेवावी.

झाडलोट आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे कसे ठरते?

हे आता जातीवरून ठरवता येत नाही. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत सफाईचे काम विशिष्ट जातींना आणि स्वयंपाकाचे काम ‘योग्य’ जातीच्या बंद्यांना देण्याच्या तरतुदी स्वातंत्र्यानंतरही टिकून होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांनी या विषयावर लिहिले आणि त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. समता, भेदभावाला मनाई, अस्पृश्यतेचे उच्चाटन, प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आणि वेठबिगारीला बंदी, या सर्व अनुच्छेदांचा आधार त्या निर्णयात घेतला आहे. कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा आणि तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त कराव्यात, असा आदेश त्यात आहे. विमुक्त जमातींतील व्यक्तींकडे ‘सराईत’ म्हणून पाहण्याच्या सवयीवरही न्यायालयाने बोट ठेवले. महाराष्ट्रात पारधी आणि तत्सम समाजांतील बायकांना हा शिक्का किती लवकर बसतो, हे येथे सांगण्याची गरज नाही.

कागदावरचा रकाना गेला म्हणून बराकीतली उतरंड एका दिवसात जात नाही. ‘ते काम तिचंच आहे’ असे एखाद्या बाईबद्दल सर्वजणी सहज म्हणू लागल्या, तर त्या कामाची पाळी लावली जाते का आणि तिला त्याची मजुरी मिळते का, हे दोन प्रश्न भेट देणाऱ्या वकिलांनी आणि विधी स्वयंसेवकांनी विचारावेत. बंदी महिलेला अधिकाऱ्याच्या खासगी कामाला जुंपणे तर कोणत्याही नियमात बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक लाभासाठी बंद्यांना राबवू नये, असे मंडेला नियमांतील ९७ वा नियम स्पष्ट सांगतो.

वॉर्डर म्हणून काम देणे योग्य आहे का?

चांगल्या वर्तनाच्या शिक्षाधीन बंद्यांना बराकीवर देखरेखीचे, म्हणजे वॉर्डरचे, काम देण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून जबाबदारी मिळते, शिक्षेतून सूट मिळणारे माफीचे दिवस वाढतात. पण हे काम करणारी बाई प्रशासन आणि सहबंदी यांच्या कात्रीत सापडते. २०१७ च्या जूनमध्ये भायखळा महिला कारागृहात असेच काम पाहणाऱ्या एका महिलेने खाण्याच्या जिन्नसांचा हिशेब कमी भरत असल्याचे दाखवून दिले, त्यानंतर तिला मारहाण झाली आणि तिचा मृत्यू ओढवला. कारागृहातील महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्यामुळे आमचे मत असे की, कमतरता नोंदवणाऱ्या वॉर्डरला बाहेरच्या अधिकाऱ्यापर्यंत थेट पोहोचता येत नसेल, तर ते काम बंद्याकडे देऊ नये.

लहान मूल सोबत असेल किंवा बाई गर्भवती असेल तर?

२०२२ च्या अखेरीस देशभरात १,५३७ महिला आपल्या १,७६४ मुलांसह कारागृहात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात १३ एप्रिल २००६ रोजी घालून दिलेल्या निर्देशांनुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते, त्याला बंदी मानायचे नाही, आणि त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडीची सोय हवी. बाळंतपण शक्य तेथे बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि आत झाले तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख नसावा, हेही त्यात आहे. पाळणाघराचा कामाशी थेट संबंध आहे. ते नसेल तर मूल कडेवर असलेली बाई कामाला जाऊ शकत नाही, मजुरी बुडते, आणि ज्या बाईला पैशांची सर्वाधिक गरज तिच्याच खात्यावर काही जमा होत नाही.

गुन्हा करणाऱ्यांच्या प्रतिष्ठेची एवढी चिंता कशासाठी?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि ज्या घराने कोणाला गमावले आहे, त्या घराचा राग आम्हाला समजतो. उत्तर मात्र कायद्यातच आहे. शिक्षा म्हणून स्वातंत्र्य काढून घेतले जाते. त्यावर अपमानाची जोड शिक्षा न्यायाधीशाने सुनावलेली नसते. अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क म्हणजे मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ज्या प्रकरणात म्हटले, ते फ्रान्सिस कोराली मुलिन या स्थानबद्ध महिलेचे होते. तिची मागणी लहान मुलीला आणि वकिलाला भेटण्याची होती. पुढे शिक्षण, निवारा, आरोग्य अशा कितीतरी खटल्यांत या निर्णयाचा दाखला दिला गेला, म्हणजे बाहेरच्या आपणा सर्वांच्या हक्काची एक पायरी तुरुंगातल्या बाईने बांधली आहे.

‘आमच्या मुलींना बाहेर काम नाही, आणि यांना आत सोय’ ही तक्रारही ऐकू येते. बाहेरच्या मुलींना काम मिळावे, ही मागणी रास्तच आहे. आतली चार यंत्रे बंद करून ती पूर्ण होणार नाही.

तक्रार कोठे करावी?

प्रथम अधीक्षकांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. महिला असणे आणि कोठडीत असणे, या दोन्ही कारणांनी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. अर्जात ‘त्रास होतो’ असे मोघम न लिहिता तारीख, काम, तास आणि न मिळालेली रक्कम लिहावी.

सुटल्यावर या कामाचा उपयोग होतो का?

होतो, पण आपोआप नाही. पुरुष सुटतो तेव्हा बहुधा घरातले कोणीतरी दारात उभे असते; बाई सुटते तेव्हा सासरने नाते तोडलेले असते आणि माहेरच्यांना धाकट्या बहिणीच्या लग्नाची धास्ती असते. अशा वेळी साठलेली मजुरी म्हणजे पहिल्या महिन्याची खोली आणि शिधा. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र शिकवणाऱ्या संस्थेच्या नावाने असावे, त्यावर कारागृहाचा उल्लेख असू नये, असा आग्रह आम्ही धरतो, कारण जे प्रमाणपत्र दाखवताच नोकरी जाते ते ट्रंकेतच राहते. आधारपत्र, बँक खाते आणि शिधापत्रिकेतील नाव, ही तीन कामे सुटकेच्या आधी मार्गी लावली, तर बाहेरचे पहिले आठवडे खेटे घालण्यात जात नाहीत.

आम्ही नाशिककर काय करू शकतो?

कारागृहाच्या विक्री केंद्रातून खरेदी करताना ही वस्तू महिला विभागात तयार झाली आहे का, असे विचारावे. मागणी दिसली तर पुरवठ्याचा विचार होतो. शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, मंगल कार्यालयांच्या कापडी पिशव्या यांचे नियमित काम महिला विभागाकडे सोपवण्याबाबत संस्थांनी अधीक्षकांशी पत्रव्यवहार करावा. एकदाच दिलेल्या मोठ्या कामापेक्षा दरमहा येणारे लहान काम अधिक उपयोगी पडते, कारण हजेरी त्यावर भरते. सातपूर-अंबडच्या उद्योजकांना आणि पॅकहाउसच्या मालकांना विनंती इतकीच की, शिक्षा भोगून आलेल्या बाईला कामावर घेतलेत, तर तिची जुनी हकीकत मुकादमाला सांगू नये. रखवालदारापासून चहावाल्यापर्यंत ती पोहोचायला एक पाळीही पुरते.